उष्टं वजन

भीमाशंकर वस्तादांच्या तालमीत दोनच गोष्टी उष्ट्या होत: पाण्याचा तांब्या आणि मारुतीपुढची गोटी. तांब्या राखेनं घासला की झालं. गोटीचं प्रकरण जरा अवघड होतं.

गोटी म्हणजे काळा, गोल, तेल पिऊन पिऊन गुळगुळीत झालेला दगड. नुसता जागचा हलवायचा तरी दोन माणसं लागत. हनुमान जयंतीला गड्यांनी एकेकट्यानं तो जमिनीवरून उचलून खांद्यावर घ्यायचा, ही अणदूरच्या अलीकडच्या त्या लहानशा गावाची रीत. उचलताना दुसऱ्या कुणाचं बोट जरी दगडाला लागलं तरी गोटी उष्टी झाली. मग ती विहिरीच्या पाण्यानं धुवायची, शेंदूर चढवायचा, आणि त्या वर्षी पुन्हा तिला कुणी शिवायचं नाही. ज्याच्यापायी हे घडलं त्याला गाव पुढच्या जयंतीपर्यंत ‘उष्ट्या’ म्हणून हाक मारणार. हाक मारणारे अगदी गोड आवाजात मारत, म्हणून ती जास्तच झोंबायची.

अशा रीतीच्या राखणदाराच्या घरात शिवकन्या वाढली. वस्तादांना मुलगा नाही, हे गावाला जेवढं खुपायचं तेवढं त्यांना स्वतःला कधी खुपलं नाही. त्यांनी पोरीला अंगणात उभं केलं आणि बैठका मारायला लावल्या. तालमीतल्या पद्धतीच्या बैठका: टाचा उचलून, चवड्यांवर बसायचं, हात झुलवत झटक्यात उठायचं. शाळेतल्या मैत्रिणी फुगडी खेळायच्या त्या वयात शिवकन्या घामानं निथळत असायची. मांड्या अशा काही तयार झाल्या की कॉलेजात मुलं तिच्याशी जरा अंतर राखूनच बोलत.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तिला अणदुरात हायवेलगत अक्रमभाईंची जिम सापडली. खाली टायरचं दुकान, वर जिम. अक्रमभाई एकेकाळी विद्यापीठाकडून पॉवरलिफ्टिंग खेळलेले. बोलणं बेतानं, नजर मात्र बारीक. त्यांनी तिला पहिल्यांदा खांद्यावर रॉड घेऊन बसता-उठताना पाहिलं आणि खूश व्हावं की कपाळाला हात लावावा हेच त्यांना कळेना. ताकद बघावी तर दोघींची, आणि बसणं बघावं तर थेट तालमीतलं. वजन वाढलं की टाचा उचलत, अंग पुढं झुके आणि सगळा भार कंबरेवर येई.

“टाचा खाली, शिवकन्या,” ते दर खेपेला सांगत. दर खेपेला ती “व्हय” म्हणे आणि टाचा उचले. वजन उठतंय ना, मग टाचांचं एवढं काय घेऊन बसायचं, असं तिचं सरळ गणित होतं.

ते गणित भादव्यात चुकलं. धाराशिवला होणाऱ्या जिल्हा निवड स्पर्धेची तयारी चालली होती. त्या संध्याकाळी शिवकन्यानं आजवर कधी खांद्यावर घेतलं नव्हतं एवढं वजन लावलं, वडील गोटी उचलताना कंबरेला शेला बांधत तसा पट्टा करकचून आवळला आणि मागं सपोर्टला उभ्या राहिलेल्या अक्रमभाईंना बजावलं, “काय बी झालं तरी हात लावायचा न्हाय.”

ती बसली. तळाशी गेली आणि टाचा उचलल्या. उठताना आधी कंबर वर गेली, छाती खालीच राहिली आणि पाठ धनुष्यासारखी वाकली. अक्रमभाईंचे हात रॉडखाली आले.

“हात लावू नका!” ती किंचाळली.

त्या आवाजात असं काही होतं की अक्रमभाईंनी खरोखरच हात मागं घेतले. शिवकन्या वाकल्या पाठीनं, दात खात, लालबुंद होऊन इंच इंच वर आली. रॉड स्टँडवर आदळला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. एकानं तर मोबाइलवर सगळं टिपलंही होतं. शिवकन्या हसली, खाली ठेवलेली पाण्याची बाटली घ्यायला वाकली आणि तशीच वाकून राहिली. तिला सरळच होता येईना.

तिच्या आधी तो व्हिडिओ गावात पोचला. वस्तादांनी तो पारावर बसून स्वतः पाहिला, दुसऱ्यांना दाखवला, आणि ज्यांनी पाहिला होता त्यांनाही पुन्हा दाखवला. “हात लावू दिला न्हाय माझ्या पोरीनं! कसं म्हनली बघा, हात लावू नका!” त्यांची छाती अशी फुगली होती की सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटावी. त्यांचा आवडता चेला योगीराज तर म्हणाला की, वस्ताद, पुढच्या जयंतीला गोटी तिच्याच हातात द्या.

आणि ती वाघीण घरात बाजेवर पालथी पडली होती. शिंक आली तरी डोळ्यांपुढं काजवे चमकत. कंबरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत उतरे आणि पायाच्या करंगळीला मुंग्या येत. आईनं, मल्लम्मानं, दोन दिवस शेक दिला, तेल चोळलं आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याला न विचारता गाडी सांगून पोरीला सोलापूरला नेलं.

डॉक्टरांनी एमआरआय बघितला. मणक्यातली गादी सरकली होती आणि नस दाबत होती. ऑपरेशनची गरज आत्ता तरी नाही, विश्रांती घ्या, मग व्यायाम सांगतो तेवढाच करा, असं ते म्हणाले. शिवकन्यानं एकच प्रश्न विचारला.

“परत वजन उचलता येईल का?”

“येईल. कसं उचलतेस त्यावर आहे,” डॉक्टर म्हणाले. “पुन्हा असंच केलंस तर पायातली ताकद जाईल. मग मात्र माझ्याकडं काही मागू नको.”

घरी आल्यावर मल्लम्मानं भाकरीचं पीठ मळता मळता तोंडाचा पट्टा सोडला. “आदुगर ह्यांची कंबर गेली. आता लेकीची बी घालवा. आन् वर फोटू दाखवत हिंडा गावात!”

“माझी कुठं गेलीया?” वस्ताद गुरगुरले.

“डावा पाय कशानं ओढतावं मग? गोटीनंच न्हवं? धोंडीबा भाऊजी हात द्यायला आले तर त्येंच्यावर डोळं वटारलं. दगड खांद्यावर गेला खरा, पर त्या दिसापासनं पाटावर जेवाय बसला न्हाईसा.”

“ते बैलगाडीवरनं पडल्यानं झालं,” वस्ताद म्हणाले आणि उठून बाहेर गेले. डावा पाय थोडा मागं रेंगाळला.

शिवकन्या आतून हे सगळं ऐकत होती. वडील गाडीवरून पडल्याची गोष्ट तिनं लहानपणापासून ऐकली होती आणि तिच्यावर कधी शंका घेतली नव्हती. आता छताकडं बघत पडल्या पडल्या तिला एक एक आठवू लागलं. अप्पा जेवताना खुर्ची घेतात. चप्पल घालायला भिंत धरतात. थंडीत रात्रभर कूस बदलतात. पन्नाशीही न गाठलेला, दोन जिल्ह्यांत नाव असलेला पैलवान. तिला वडिलांची फार फार दया आली आणि लगेच स्वतःची भीती वाटली. तिला वजन सोडायचं नव्हतं. ते सोडण्याचा विचारही तिला सहन होत नव्हता. पण तिला असंही उचलायचं नव्हतं की पुढं जन्मभर भिंत धरून चप्पल घालावी लागेल. वजनही पाहिजे आणि कंबरही पाहिजे, असं तिनं बाजेवर पडूनच ठरवून टाकलं. कसं, ते अजून ठाऊक नव्हतं.

दिवाळी उलटून गेल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं आणि ती जिममध्ये गेली. तिथं दोन नव्या गोष्टी होत्या. स्क्वॉटच्या, म्हणजे रॉड घेऊन बसण्या-उठण्याच्या, जागी दोन्ही बाजूंना कंबरेपर्यंत उंचीचे जाड लोखंडी अडसर उभे होते. अक्रमभाईंनी ते हायवेवरच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले होते. रॉड हातचा गेला तर माणसावर न येता त्यांच्यावर टेकावा म्हणून. दुसरी नवी गोष्ट म्हणजे अक्रमभाईंचा चेहरा. तो एवढा कडक तिनं कधी पाहिला नव्हता.

“त्या दिवशी तू नको म्हणालीस आणि मी हात मागं घेतला,” ते म्हणाले. “गलती माझी आहे. पुन्हा होणार नाही. आता ऐकायचं असलं तर थांब, नसलं तर जिना तिकडं आहे.”

शिवकन्या थांबली.

त्यांनी तिच्या हातात रॉड दिलाच नाही. झाडूचा दांडा दिला. तो पाठीला उभा लावायचा: डोकं, पाठ आणि माकडहाड असा तिन्हीकडं टेकलेला ठेवायचा आणि बसायचं. दांडा सुटला की ती बैठक रद्द. दोन्ही टाचांखाली बिस्किटाच्या पुड्याचा कागद. बसल्यावर अक्रमभाई खाली वाकून कागद ओढून बघत. निघाला की टाच उचलली. पहिल्या आठवड्यात कागद इतक्या वेळा निघाला की शिवकन्याला रात्री स्वप्नातही कागद निघायला लागले.

“इतकी वर्षं चवड्यावर बसले मी,” ती एकदा चिडून म्हणाली. “अप्पांचे सगळे पैलवान तसंच बसतेत. ते काय येडे हायेत?”

“कोण म्हणतं येडे? रिकाम्या अंगानं बसायला ते उत्तम. दम वाढतो, पाय तयार होतात. पण त्यांच्या खांद्यावर रॉड असतो का?” अक्रमभाई म्हणाले. “शंभर किलो डोक्यामागं आले की चवड्यावरचा माणूस पुढं कलतो. कलला की पाठ वाकली. पाठ वाकली की गादी सरकली. तालीम तालमीच्या जागी. इथं टाच जमिनीवर.”

पट्ट्याचंही तसंच. ती वडिलांसारखा श्वास कोंडेल इतका आवळायची. घट्ट म्हणजे मजबूत, असा तिचा समज. अक्रमभाईंनी एक भोक सैल करायला लावलं. आधी पोटात श्वास भर, मग पोटानं पट्ट्याला बाहेर ढकल, म्हणजे चहूबाजूंनी कंबर आवळली जाते. नुसता पट्टा काही तुझं वजन उचलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हे तिला लवकर जमलं. टाचाही हळूहळू जमिनीला चिकटल्या. जमत नव्हती ती एकच गोष्ट.

ती म्हणजे ‘घ्या’ म्हणणं.

अक्रमभाईंचा नियम साधा होता. पाठ वाकतेय असं वाटलं की त्या क्षणी ‘घ्या’ म्हणायचं; मागचा माणूस रॉड घेईल. वजन उठवता येईल की नाही हा प्रश्नच नाही. रोज सराव संपताना तिनं मुद्दाम तळाशी थांबून ‘घ्या’ म्हणायचं आणि त्यांनी रॉड घ्यायचा. रिकामा रॉड, जो ती एका हातानं उचलायची. तरी तिच्या तोंडून तो शब्द फुटेना. कान गरम होत. पाच वर्षांच्या पोरीला परक्या घरी जेवायला मागायला सांगावं तसं तिला होई.

“मोठ्यानं,” अक्रमभाई म्हणत.

“घ्या,” ती पुटपुटे.

“मला ऐकू आलं नाही. माझे दोन्ही हात मोकळे आहेत आणि मला ऐकू आलं नाही. स्पर्धेत गोंगाट असतो.”

एकदा ती एवढी संतापली की “घ्या!” अशी ओरडली आणि खालच्या टायरच्या दुकानातून कुणीतरी “काय पाहिजे?” म्हणून विचारलं. त्या दिवशी ती पहिल्यांदा मनापासून हसली. त्यानंतर तो शब्द यायला लागला. आवडला नाही, पण यायला लागला.

माघ सरता सरता ती जुन्या वजनाच्या जवळ आली. कळ नव्हती, मुंग्या नव्हत्या. रोज सकाळी उठल्यावर ती आधी पायाची करंगळी हलवून बघे आणि मगच अंथरूण सोडे.

फाल्गुनात धाराशिवला झालेल्या निवड स्पर्धेला वस्ताद स्वतः आले. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, बरोबर योगीराज. पहिल्या रांगेतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, कुस्तीचा पंच बसतो तसे. तिच्या वजनगटातून राज्याच्या स्पर्धेला एकच मुलगी जाणार होती. शिवकन्यासमोर खरी गाठ होती ती परंड्याच्या समृद्धीशी. उंच, शांत, चष्मेवाली पोर. रॉडखाली जाताना तेवढा चष्मा काढून ठेवायची.

पहिला प्रकार रॉड घेऊन बसण्या-उठण्याचा, प्रत्येकीला तीन खेपा. पहिल्या दोन खेपा शिवकन्यानं अशा उचलल्या की अक्रमभाईंनी मान डोलावली. टाचा जमिनीत रुतल्यासारख्या. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे दोन्ही खेपा मान्य. समृद्धीनं मात्र तिसऱ्या खेपेला तिच्या पुढं मजल मारली. आता शिवकन्याची शेवटची खेप उरली होती. आणि वजन होतं भादव्यातलंच, वर थोडंसं.

तिनं पोटात श्वास भरला, पट्ट्यावर ढकलला आणि बसली. खाली जाणं उत्तम झालं. उठायला सुरुवात केली. अर्ध्यावर रॉड थबकला. तिथं तिला कळलं: कंबर आधी वर पळायला लागली होती, छाती खालीच राहात होती आणि पाठीच्या खालच्या भागात ती ओळखीची, ओंगळ सैलसर हालचाल सुरू झाली होती.

उठवता आलं असतं का? आलं असतं. हे तिला नंतर कुणी सांगायला नको होतं. रॉडखाली असतानाच पक्कं ठाऊक होतं. दात खायचे, पाठ वाकू द्यायची आणि वर यायचं. तिनं एकदा केलं होतं. समोर अप्पा खुर्चीतून अर्धवट उठले होते. योगीराज ओरडत होता, “सोडू नको! सोडू नको!”

“घ्या!” शिवकन्या म्हणाली. खणखणीत. गोंगाटातूनही शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

मदतीला उभ्या असलेल्या तिघा पोरांनी रॉड धरला आणि स्टँडवर नेऊन ठेवला. तीन लाल दिवे लागले; खेप बाद. शिवकन्या सरळ उभी राहिली, पट्टा सोडला आणि आपल्या पायांनी चालत बाहेर आली. पुढचे दोन प्रकार, छातीवरून रॉड ढकलणं आणि जमिनीवरून उचलणं, तिनं जीव लावून केले, पण ते अंतर काही भरून निघालं नाही. राज्याच्या स्पर्धेला समृद्धी जाणार हे ठरलं. शिवकन्यानं तिचा हात हातात घेतला, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि खूप रडली. हरल्याचं दुःख होतं, ते खोटं कशाला म्हणायचं? पण केलं ते चुकलं, असं मात्र तिला एकदाही वाटलं नाही.

एसटीत वस्ताद खिडकीबाहेर बघत बसले होते. तुळजापूर गेलं, यात्रेकरू उतरले, नवे चढले. मग ते म्हणाले, “उठलं असतं.”

“व्हय अप्पा. उठलं असतं.”

“मग?”

“पाठ वाकायली होती. मला ह्याच वर्षी न्हाय, अजून लई वर्षं उचलायचंय.” ती थोडी थांबली. “तुमची बी वाकली होती न्हवं, त्या साली?”

वस्तादांनी खिशातलं तिकीट काढलं. त्याची घडी घालत राहिले, घालून घालून ते पार बारीक झालं.

गावाला बातमी कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी शिवकन्या गाडीवरून अणदूरला निघाली तर पारावरून योगीराजनं हाक मारली, “काय उष्टे, निघालीस व्हय?” चारचौघं फिदीफिदी हसले. शिवकन्याच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं गाडी थांबवली, मागं वळून सगळ्यांकडं नीट बघितलं.

“व्हय, निघाले,” ती म्हणाली. “आज पाय हायेत.” आणि गेली. पुढं रोजच ती हाक येऊ लागली आणि रोज ती “व्हय” म्हणू लागली. गंमत अशी की ओ देणाऱ्याला चिडवण्यात कुणाला फारशी मजा येत नाही. थोड्याच दिवसांत बाकीचे थकले. योगीराज तेवढा चिकाटीचा. एकदा त्यानं वस्तादांच्या देखत हाक मारली. वस्तादांनी ऐकलं. त्यांनी त्याला गप्प केलं नाही, पण त्या दिवशी जोर-बैठका झाल्यावर त्यानं केलेला सलामही घेतला नाही.

चैत्र आला. हनुमान जयंतीला देवळापुढच्या पटांगणात सडा पडला, हलगी वाजू लागली. गोटी तेलानं चमकत होती. बायका ओट्यावर उभ्या होत्या; शिवकन्या मल्लम्माशेजारी. त्या साली वस्तादांना हात द्यायला आलेले धोंडीबा भाऊजी नारळ फोडायला बसले होते. दोघा-तिघांनी प्रयत्न केले, गुडघ्यापर्यंत आणून गोटी पुन्हा खाली ठेवली. खाली ठेवण्यात कमीपणा नव्हता. कमीपणा फक्त हात लागण्यात. मग योगीराज पुढं आला. सदरा काढला, शेला कंबरेला करकचून आवळला, मारुतीच्या पाया पडला.

त्यानं गोटी गुडघ्यापर्यंत आणली. मांडीवर घेतली. तिथून पोटाशी. लोक ओरडायला लागले. आता उभं राहायचं आणि खांद्यावर न्यायची. तो चवड्यांवर बसला होता, कारण त्याला दुसरं बसणं कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानं जोर लावला. कंबर वर गेली. छाती तिथंच राहिली. उघड्या पाठीवर मणक्याची माळ एक एक करून बाहेर दिसायला लागली. गोटी पोटाशी अडकली होती, आता ती धड खालीही ठेवता येत नव्हती. तोंड काळंनिळं झालं. हलगीवाल्यानं चेव यावा म्हणून आणखी जोरात वाजवायला घेतलं.

शिवकन्याला तिथून ते सगळं दिसलं, जणू पाठ तिचीच होती. माणूस रोज तिला चिडवणारा, तरी ती ओट्याच्या कडेशी धावली.

“अप्पा!” ती ओट्यावरून जीव खाऊन ओरडली. “पाठ चालली त्याची! धरा!”

सगळं पटांगण तिच्याकडं वळलं. योगीराजनंही ऐकलं आणि मान हलवली: नको, नको. “हात...” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “हात लावू नका, वस्ताद!”

वस्ताद त्याच्यापासून दोन पावलांवर उभे होते. त्यांनी एकदा लेकीकडं पाहिलं. मग डावा पाय ओढत पुढं झाले, दोन्ही हात गोटीखाली घातले आणि म्हणाले, “सोड.”

“न्हाय वस्ताद!”

“सोड म्हनतो न्हवं! धोंडीबा, तू बी ये. धर हिकडनं.”

धोंडीबांचा नारळ हातातून सुटला. ते धावले. दोघा प्रौढ माणसांनी गोटी त्या तरण्या गड्याच्या पोटापासून काढून घेतली आणि हळूच जमिनीवर टेकवली. योगीराज गुडघ्यांवर बसला आणि हुंदके देऊन रडू लागला. शिवकन्या ओट्यावरून उडी मारून गर्दीतून त्याच्यापर्यंत पोचली होती.

“उठू नको,” ती म्हणाली. “उताणा झोप. गुडघे वर घे. दोन्ही पायाची बोटं हलव बरं. हां. हलतेत. डाव्याची बी हलव. हां, हलतेत, हलतेत.”

ती ते वस्तादांना ऐकू जाईल असं दोनदा म्हणाली. वस्तादांनी त्या हलणाऱ्या बोटांकडं पाहिलं आणि तोंड फिरवून टोपीनं डोळे पुसले.

हलगी केव्हाच थांबली होती. खेळ बंद झाला होता आणि दुपार अजून पुरती टळलीही नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, “वस्ताद, गोटी उष्टी झाली की. आन् तीबी तुमच्या हातानं.” कुणी हसलं नाही. अजून कुणीतरी म्हणालं की आता योगीराजला वर्षभर काय म्हणायचं ते ठरलं.

वस्ताद सरळ झाले, जेवढं त्यांना सरळ होता येत होतं तेवढे.

“त्याला का? त्यो नगं म्हनत हुता, समद्यांनी ऐकलंय. हात म्या लावला,” ते म्हणाले. “उष्ट्या म्हनायचं तर मला म्हना. हं, मारा हाक. म्या ओ देतो.”

वस्ताद वाट बघत उभे होते.